डोंगराच्या कुशीतले रविवार

कॉलेजात असताना माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती आणि तिच्यात मी इंग्रजी क्रियापदं जमवायचो. नामांच्या वाटेला मी जात नसे. नामं म्हणजे वस्तू, आणि वस्तू आमच्या घरात नव्हत्याच. क्रियापद मात्र कुणालाही फुकटात करता येतं, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान होतं. वर्गातली पोरं मला हसायची. मी त्यांना मनातल्या मनात इंग्रजीत शिव्या द्यायचो, तेवढाच सराव.

'नेसल' हे क्रियापद मला इंग्रजीच्या सरांनी दिलं. सर आमच्या परभणीकडचेच, बोलायचेही आमच्यासारखेच. म्हणाले, हे नुसतं बसणं नव्हे. ऊब शोधत, अंग चोरत, जागा आपलीशी करत बसणं. संध्याकाळी कोंबडीची पिल्लं आईच्या पंखाखाली शिरतात, ती काय करतात? कोंबड्या जवळजवळ सगळ्यांच्या घरी होत्या, पण त्यांचा इंग्रजीशी काही संबंध येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मला तर तो शब्द इतका आवडला की त्याच्यासाठी मी वहीत एक अख्खं पान सोडलं. वापरायची वेळ मात्र बी. ए. होईपर्यंत आली नाही, कारण परीक्षेत असल्या शब्दांना कुणी विचारत नाही.

बी. ए. झालो आणि ताईकडे आलो. ताई माझी मोठी बहीण. तिची शाळा सातवीत सुटली आणि माझी सुटली नाही, यात काय काय आलं ते वेगळं सांगायला नको. दाजी, म्हणजे तिचा नवरा, न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला होते. कंटेनर उघडताना उभं राहायचं, माल मोजायचा, सही घ्यायची. त्यांना सुट्टी शुक्रवारी असे. हा शुक्रवार लक्षात ठेवावा लागेल, कारण मला तो अजून विसरता आलेला नाही.

ती दोघं आणि त्यांची चार वर्षांची मुलगी नेरूळच्या जुन्या गावठाणात एका खोलीत भाड्यानं राहायची. ही त्यांची लग्नानंतरची सहावी खोली. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की मालक कधी भाडं वाढवणार, कधी मुलाचं लग्न काढणार, कधी नुसताच नको म्हणणार. त्यामुळे ताईनं एक पत्र्याची पेटी कधी उघडलीच नाही. तिच्यात लग्नातली तांब्याची भांडी होती, ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तशीच बंद फिरायची. आताची मालकीण स्वभावानं चांगली होती, सुकट आली की वाटीभर आणून द्यायची, पण पहिल्याच दिवशी बजावून गेली होती, "भिंतीला खिला ठोकाचा नाय हां. पोपडं परतान." खिळ्यानं भिंतीचे पोपडे पडतात, म्हणून बाबासाहेबांची तसबीर फळीवर भिंतीला टेकवून ठेवलेली असायची आणि पंखा जोरात लागला की पुढे सरकायची. ताई येता-जाता ती हातानं मागे सरकवायची. दिवसातून किती वेळा, देव जाणे. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, देवाला कशाला मधे आणतोस.

खोली खाडीच्या बाजूला होती आणि तिच्या भिंती ओल धरायच्या. पोरीला धाप लागायची. डॉक्टर बाळदमा म्हणाले, कोरड्या हवेत ठेवा म्हणाले. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला, असं दाजी म्हणायचे, पण ते रागानं नव्हे. रात्री पोरीला मांडीवर उभी धरून भिंतीला पाठ लावून बसायची पाळी त्यांची असे, कारण ताई दिवसभर तेच करायची. मी त्या खोलीत मावत नव्हतो. शेजारच्याच सेक्टरात सहा जणांच्या एका खोलीत कॉट बेसिसवर राहायचो, म्हणजे कॉटपुरती जागा माझी आणि कॉटखाली माझी बॅग. 'नेसल' करायला जागा कुणाकडेच नव्हती. म्हणूनही तो शब्द आवडत असेल.

वाशीला एका बिल्डरच्या ऑफिसात मला नोकरी लागली. टायपिंग, पत्रं, फोन, आलेल्या पार्टीला पाणी विचारणं, सगळं माझ्याकडे. पार्टी म्हणजे फ्लॅट घ्यायला आलेलं कुटुंब. शेठ मनानं मोकळा माणूस होता. मला मास्तर म्हणायचा. एकदा त्यानं टेबलावर एक नकाशा पसरला. नेरूळच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, तीन इमारती. म्हणाला, "मास्तर, ब्रोशर काढायचंय. इंग्लिश एकदम मस्त पायजे. पार्टीला वाचूनच गार वाटलं पायजे."

मला गार व्हायची वेळ आली. आयुष्यात पहिल्यांदा माझं इंग्रजी कुणाला तरी हवं होतं. शेठ मला रविवारी स्वतःच्या गाडीतून जागेवर घेऊन गेला. पावसाळा नुकताच सरला होता. डोंगर हिरवा, हवा स्वच्छ, कुठंतरी बुलबुल बोलत होता आणि इमारतींचे सांगाडे डोंगराला पाठ लावून उभे होते. मी तिथल्या तिथे खिशातल्या कागदावर लिहिलं, 'नेसल्ड ॲट द फूट ऑफ द ग्रीन हिल्स'. म्हणजे हिरव्या डोंगरांच्या कुशीत विसावलेली घरं. त्या दिवशी त्या वाक्यात काडीचंही खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

ब्रोशर छापून आलं. गुळगुळीत कागद, वर डोंगराचा फोटो आणि फोटोखाली माझं वाक्य, तिरक्या अक्षरांत. माझं नाव अर्थातच नव्हतं. पण ताईला नाव लागतच नव्हतं. तिनं एक ब्रोशर फळीवर तसबिरीशेजारी ठेवलं आणि एक गावी पाठवलं. गावात वडिलांनी ते शाळेतल्या गुरुजींकडून विहारात सगळ्यांसमोर वाचून घेतलं. वडिलांचं पत्र आलं, दुसऱ्याच्या हातचं, की तुझी इंग्रजी ऐकून मंडळी खूश झाली, फक्त घरं कुणाची आहेत ते कळलं नाही. ताई ते पत्र वाचून इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग एका मंगळवारी शेठनं मला जागेवरच्या सुपरवायझरकडे काही कागद द्यायला पाठवलं. मी बसनं गेलो, उतरून चालत निघालो. डोंगराच्या वळणाशी पोचलो तर एक माणूस लाल फडकं घेऊन रस्त्यात उभा. म्हणाला, थांबा. का थांबा, असं मी विचारायच्या आत पायाखालची जमीन हलली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दगडाची खाण होती आणि तिथं सुरुंग लावत होते. आवाज विरला तसा धुळीचा लोट वळणावरून इकडे आला. त्याच्या मागोमाग क्रशर सुरू झाले, खडी पाडायची यंत्रं. सुपरवायझरच्या टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी पूड होती. मी विचारलं, रोज? तो म्हणाला, रविवार सोडून. रविवारी खाण बंद.

मी ऑफिसात परतलो तो तावातावानं. शेठला म्हणालो, हे असं कसं छापलं आपण? शेठनं मला बसवलं, चहा मागवला. तो लबाड माणूस नव्हता, म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. म्हणाला, "मास्तर, तू रविवारी बघितलं ना? जे दिसलं ते लिवलं ना? मग झालं तर. आणि खाणी काय कायमच्या नाय. वरून बंद होणार सगळ्या. दोन वर्षांत बघ, हीच लोकं म्हणतील शेठनी सोनं दिलं." हे तो मला फसवायला बोलत नव्हता. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. त्यातून तो चहा मला एवढ्या आपुलकीनं पाजत होता की माझा ताव चहाबरोबर खाली उतरला. नोकरी लागून मला चार महिने झाले होते. एवढंच खरं कारण, बाकीचं मी नंतर जुळवलं.

तर आमची पद्धत अशी होती. पार्टीला जागा दाखवायची ती रविवारीच. शनिवारी संध्याकाळी टँकर येऊन रस्त्यावर पाणी मारून जायचा आणि वॉचमन पाइप घेऊन गेटापाशीची झाडं धुवायचा, पान न् पान. रविवारी सकाळी मॅटाडोर निघायची, लांबच्या रस्त्यानं, म्हणजे खाणीचं वळण लागायचं नाही. आत मी, पुढच्या सीटवर. पार्टीतलं कुणीतरी ब्रोशर उघडून त्या शब्दावर बोट ठेवून विचारायचंच, हे काय हो? मग मी मागे वळून सरांची पिल्लं आणि कोंबडी सांगायचो. लोक हसायचे. बायका आपापल्या पोरांना जवळ ओढायच्या. माझं सांगणं इतकं रंगायचं की शेठ म्हणायचा, मास्तर, अर्धं बुकिंग तुझ्या कोंबडीचं आहे. मला बरं वाटायचं. लाजही वाटायची, पण दोन्हीत बरं वाटणं आधी यायचं.

पुढे जे होणार होतं ते कुठल्याही शहाण्या माणसाला आधी दिसलं असतं. मला दिसलं नाही, कारण ताई आणि पार्टी हे दोन शब्द मी कधी एकत्र धरलेच नव्हते.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर दाजींनी ब्रोशर फळीवरून काढून पुढ्यात ठेवलेलं. दाजी मितभाषी माणूस. घसा साफ करून म्हणाले की कर्जाचं बघून आलोय, जमतंय. ताई चुलीवरून, म्हणजे स्टोव्हवरून, मागे न बघता म्हणाली, "डोंगराची हवा हाय. कोरडी. लेकराला बरं पडंल." मी म्हणालो, तिथं बाजार लांब आहे. ती म्हणाली, चालीन. मी म्हणालो, बस वेळेवर नसते. ती म्हणाली, आता तरी कुठं असते. मी म्हणालो, अजून विचार करा, नवीन नवीन ठिकाणी पाण्याचा प्रश्न असतो. तेव्हा तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अरं, तूच तर लिवलंयस. तुझ्यापरीस कोनाला जास्त म्हाईत?"

यावर मी सांगू शकलो असतो. खोलीत आम्ही चौघंच होतो, भाकरीचा वास होता, पोरगी माझ्या मांडीवर बसून माझ्या पेनाचं टोपण चघळत होती. सांगायला याहून चांगली वेळ माणसाला मिळत नाही. पण तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा जो अभिमान होता तो मला हवा होता. अजून थोडे दिवस हवा होता. मी भाकरी मागून घेतली.

दाजी म्हणाले, "मग येत्या शुक्रवारी जाऊन बघून येऊ का? मला सुट्टी हाय."

आणि मी म्हणालो, "शुक्रवारी नको. रविवारी या."

दाजींनी दुसऱ्या एका माणसाशी पाळी बदलून रविवारची सुट्टी घेतली. त्यासाठी त्यांना लागोपाठ दोन पाळ्या उभं राहावं लागलं. रविवारी ती तिघं मॅटाडोरमध्ये मागच्या सीटवर बसली, ताईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. आम्ही लांबच्या रस्त्यानं गेलो. कुणीतरी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि मी मागे वळून कोंबडी सांगितली. ताईनं ती पहिल्यांदाच ऐकली. ऐकताना तिनं शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून सांगितलं, माझा भाऊ हाय.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. नुसत्या भिंती, खाली कोबा. बाकीच्या पार्ट्या खिडक्या, नळ, गॅलरी बघत होत्या. ताईनं स्वयंपाकघर गाठलं आणि ओट्याची लांबी वितीनं मोजली. मग बाहेरच्या खोलीत येऊन भिंतीवर तळवा ठेवून उभी राहिली. भिंत कोरडी होती. म्हणाली, "इथं खिळा ठोकायचा. हितंच. पार आतपर्यंत." मग ती कोपऱ्यात खाली बसली, पाठ दोन भिंतींच्या सांध्यात टेकवून, गुडघे जवळ घेऊन. पोरगी धावत आली आणि तिच्या गुडघ्यांमधून आत शिरून बसली. धावत आली तरी तिला धाप लागली नव्हती. दाजी खिडकीतून डोंगराकडे बघत म्हणाले, "लई ब्येस." मी दारात उभा होतो. वहीत त्या शब्दासाठी सोडलेल्या पानावर जे लिहायचं होतं ते समोर घडत होतं आणि मला तिथं उभं राहवत नव्हतं. मी खाली जाऊन उगाच वॉचमनशी बोलत बसलो.

त्याच दिवशी त्यांनी बुकिंगचा फॉर्म भरला. करार आठवडाभरानंतरच्या सोमवारी व्हायचा होता. मी ठरवलं, करारापूर्वी सांगायचं. सोमवारी ठरवलं, मंगळवारी ठरवलं. बुधवारी संध्याकाळी नक्की जायचं असं पक्कं करून मी ऑफिसात गेलो. बोलायची वाक्यंही तयार केली होती. त्यातलं एक 'शेठचं म्हणणं असं आहे की' असं सुरू होत होतं, यावरून माझी तयारी कितपत होती ते कळेल.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला ऑफिसात एक जोडपं बसलेलं होतं. नवरा बँकेत होता, बायको पोटुशी. शेठ त्यांना नकाशा दाखवत होता, मी ब्रोशर. बायकोनं त्या शब्दावर बोट ठेवलं, मी कोंबडी सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात काचेचं दार ढकलून ताई आत आली.

मी तिला पटकन ओळखलंच नाही. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. लुगड्याच्या निऱ्यांत पूड बसलेली. पोरगी खांद्यावर मान टाकून पडलेली, दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला. ताई भिंतीजवळच्या खुर्चीवर, जिथं पार्ट्या बसायच्या तिथं, जाऊन बसली. पोरीच्या छातीतून येणारी शिट्टी मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होती, पण संथ होती, म्हणजे इंजेक्शन लागू पडलं होतं. ताईच्या मुठीतून शिंप्याकडची मापाची पिवळी टेप लोंबत होती. पडद्यांची मापं घ्यायला ती एकटीच गेली होती, दाजींना आणि मला चकित करायला, हे मला मागाहून कळलं.

मी उठलो असतो. उठायलाच पाहिजे होतं. पण बँकेतला माणूस त्याच क्षणी मला म्हणाला, "मग आम्ही कधी येऊ जागा बघायला?" आणि समोर माझी बहीण धुळीनं माखून बसलेली असताना, माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "रविवारी या ना."

शेठसुद्धा चमकून माझ्याकडे बघायला लागला.

ताईचा आवाज चढला नाही. ती त्या बाईकडे बघून, एखाद्या शेजारणीला सांगावं तशा सुरात म्हणाली, "रविवारी नका जाऊ, बाई. बुधवारी जावा. दोन वाजता. मी आता तिथूनच आले." मग तिनं सांगितलं. सुरुंगाचा आवाज झाला तेव्हा ती खोलीत खिडकीचं माप घेत होती. खिडकीला काच नव्हती. पोरगी खोकायला लागली आणि मग खोकताही येईना. ती तिला घेऊन जिना उतरली, रस्ता चुकली, आणि वळणावरून खाणीच्याच बाजूला गेली. तिथं पालं होती. खडी फोडणारी एक बाई पाणी घेऊन धावत आली. बोलण्यावरून कळलं, ती आमच्याच तालुक्याच्या बाजूची होती. तिच्या कडेवरही एक लेकरू होतं, तसंच पांढरं. तिनं पोरीच्या तोंडावरून ओला हात फिरवला आणि ताईला विचारलं, "बाई, फ्लॅट बघायला आलाव का? समदे रविवारी येतेत. तुमी आजच कामून आलाव?"

त्या बाईची आणि तिच्या लेकराची आठवण आली की मला अजून स्वतःची कीव येते. मी इतके महिने रविवारच्या लोकांची काळजी करत होतो, निदान करतो असं स्वतःला सांगत होतो. सोमवार ते शनिवार तिथं कोण राहतं, हे मी विचारलंही नव्हतं. आमच्याच बाजूची माणसं होती ती.

जोडपं उठून गेलं. जाताना ती पोटुशी बाई ताईच्या खुर्चीपाशी थांबली, पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघाली. शेठ जागेवरून उठला, त्यानं टेबलफॅन पोरीकडे वळवला, मग धूळ उडेल म्हणून बंद केला. फायलीतून ताईचा बुकिंगचा फॉर्म काढून त्यानं फाडला. "बेन, तुमचं सगळं परत मिळेल," असं म्हणाला आणि आत जाऊन बसला. मला तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आणि हेही सांगून टाकतो, त्या नोकरीवर मी पुढे आणखी आठ महिने होतो. रविवारी मॅटाडोरमध्ये बसायचं तेवढं सोडलं. तेवढंच जमलं.

पण त्या दुपारी मी ताईला सोडायला बसस्टॉपपर्यंत गेलो. ती पुढे चालत होती. मी पोरीला घ्यायला हात पुढे केले, तिनं दिली नाही. मी बोलत होतो. खाणी बंद होणार आहेत, वाक्य लिहिलं तेव्हा मला माहीत नव्हतं, आज संध्याकाळी मी सांगायला येणारच होतो, नोकरी गेली असती तर गावी काय तोंड दाखवलं असतं. एकेक वाक्य खरं होतं. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. स्टॉपवर आल्यावर तिनं पदरानं पोरीचं कपाळ पुसलं. पदरच धुळीचा, त्यामुळे कपाळ आणखीच माखलं.

"पुढं लिहू नको असलं," मी म्हणालो, म्हणजे तिच्या वतीनं मीच म्हणालो. "असंच म्हणायचंय ना तुला? नाही लिहिणार."

"लिही की," ती म्हणाली. "लिहिलंस तवा खरं होतं, म्हनलास ना. मला पटलं. नोकरीसाठी लोकांना रविवारी नेलंस, त्येबी समजलं. पोटासाठी मानूस करतो. त्येबी सोड."

मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं.

मग ती माझ्याकडे वळली. पापण्यांवरची पूड तिनं अजून झटकली नव्हती. "हे तुला शुक्रवारी येऊ का म्हनले," ती म्हणाली. "त्यांची सुट्टी बदलायला लावलीस. दोन पाळ्या उभे ऱ्हायले. मला कामून रविवारी नेलंस रं?"

बस आली. थांबली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, येताय का. ताई हलली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, रागानं नाही, खरोखर विचारत होती, मी काहीतरी सांगेन आणि ते तिला समजेल म्हणून. बस निघून गेली आणि ती तशीच उभी राहिली.